पोर्टल आलं तरी इंटर्नशिपचं घोडं अडतं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे की विद्यापीठाने इंटर्नशिपसाठी ऑनलाईन सिस्टिम घेतलीय, तीन विभागांची मिळून तीनशेच्या आसपास मुलं पुढच्या सत्रापासून तिच्यावर आणायचीत, आतापर्यंत सगळं ईमेल आणि एक्सेलवर चालायचं. तर सुरुवात कुठून करायची, मुलं आणि कंपनीवाले ती वापरतील कशी, आणि जुन्या डेटाचं काय करायचं. मी हे काम चौदा वर्षं करतेय, दोनदा सिस्टिम बदलताना बघितलीय, त्यातली एक तर आम्हीच हौसेने आणलेली आणि आम्हीच दोन वर्षांत गुंडाळलेली, त्यामुळे खाली जे आहे ते बरंचसं तोंडावर पडून शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी पोर्टल उघडूच नका. सेटिंग्ज भरायची घाई सगळ्यांना असते, व्हेंडरचा, म्हणजे सिस्टिम विकणाऱ्या कंपनीचा, माणूस पण म्हणतो चला वर्कफ्लो, म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा क्रम, टाकून घेऊ, पण तुमचा वर्कफ्लो काय आहे हे तुम्हालाच माहीत नसतं, खरंच नसतं. तीन विभागांच्या तीन समन्वयकांना एका टेबलाभोवती बसवा आणि एकाच मुलाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावा. त्याने जागा शोधली, मग काय झालं, कुणाला कळलं, कुणी हो म्हटलं, सही कुणाची, ती कुठे ठेवली, कामाला गेला हे तुम्हाला कसं समजलं. तिघं तीन गोष्टी सांगतील. एकाकडे गाईडची, म्हणजे मुलावर लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकाची, मान्यता आधी आणि कंपनीचं पत्र नंतर, दुसऱ्याकडे उलटं, तिसरीकडे मान्यता अशी काही पायरीच नाही, मॅडमना फोन केला की झालं. हे भांडण पोर्टलच्या आधी मिटवावं लागतं, नंतर मिटवायला गेलात तर प्रत्येक वेळी व्हेंडरला बदलाचे पैसे.

आणि त्याच बैठकीत प्रत्येकाकडची गुप्त एक्सेल मागून घ्या. असतेच. अधिकृत फाईल वेगळी आणि समन्वयक स्वतःसाठी ठेवतो ती वेगळी. त्यात असे कॉलम असतात की ‘हिला फोन दुपारी दोननंतरच करायचा’, ‘इथे दोनपेक्षा जास्त मुलं पाठवू नये’, ‘मागच्या वर्षी मुलीने तक्रार केली होती’. ज्याच्यावर काम खरोखर चालतं ती हीच फाईल, आणि जे जे तिच्यात आहे आणि पोर्टलमध्ये नाही ती पोर्टलची उणीव समजा, समन्वयकाची वाईट सवय समजू नका. आम्ही पहिल्या वेळी ह्या फाईली बंद करा असं फर्मान काढलं. बंद कुणीच केल्या नाहीत, फक्त लपवल्या, आणि वर्षभर पोर्टलवर एक चित्र आणि प्रत्यक्षात दुसरंच.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्टेटस. प्रत्येक सिस्टिममध्ये रेकॉर्डला स्टेटस असतो आणि बहुतेक ठिकाणी तो असतो ‘पेंडिंग’. पेंडिंग म्हणजे काय? कुणाकडे पेंडिंग? एका वर्षी आमच्याकडे एक्केचाळीस रेकॉर्ड तीन आठवडे पेंडिंग होते, मुलांना वाटत होतं विद्यापीठ बघतंय, आम्हाला वाटत होतं कंपनी सही करतेय, कंपनीला मेलच गेला नव्हता कारण मुलांनी कंपनीतल्या सुपरवायझरचा पत्ता चुकीचा टाकलेला. भिजत घोंगडं, आणि प्रत्येकजण निवांत. त्यानंतर मी एक नियम केला तो आजपर्यंत मोडलेला नाही: स्टेटसच्या नावात ज्याने पुढचं काम करायचंय तो माणूस असलाच पाहिजे. ‘विद्यार्थ्याने कागद जोडायचे’, ‘गाईडने बघायचं’, ‘कंपनीने सही करायची’, ‘ऑफिसने फाईल बंद करायची’. आणि प्रत्येकाला दिवसांची मुदत, ती उलटली की वरच्या माणसाच्या यादीत आपोआप लाल होऊन दिसलं पाहिजे. पंधरा-सोळा स्टेटस होतात, व्हेंडर म्हणतो फार झाले, होऊ देत. ज्या स्टेटसला मालक नाही तो काढून टाका, ‘प्रक्रियेत’, ‘विचाराधीन’ वगैरे सगळे.

हे एवढं केलंत तरी अर्धं काम झालं कारण सकाळी लॉगिन केल्यावर प्रत्येकाला एकच यादी दिसायला हवी, आज माझ्यामुळे कोण अडलंय. डॅशबोर्डवर ते रंगीत गोल चार्ट असतात ते मी कधी बघितलेले नाहीत, वार्षिक अहवालात छान दिसतात.

पुढे कंपन्यांची माहिती. इथे लोक आळस करतात आणि मग रडतात. संस्था, जागा आणि माणूस ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोर्टलमध्ये त्या वेगळ्याच ठेवायच्या. संस्थेचं मुख्य ऑफिस एकीकडे असतं आणि मूल काम करतं भलतीकडे, कधी साईटवर, कधी ग्राहकाकडे, कधी घरी बसून. मुख्य ऑफिसचा पत्ता टाकून मोकळं झालात तर गाईड भेट द्यायला चुकीच्या दारात उभा राहतो हे सोडाच, काही अपघात झाला तर मूल नेमकं कुठे होतं हेच तुम्हाला सांगता येणार नाही, आणि विमा कुठल्या जागेसाठी आहे हा प्रश्न तेव्हाच येतो. माणूस वेगळा ठेवायचा कारण माणसं नोकरी सोडतात. सुपरवायझर जाणारच, हे धरूनच चाला, आणि त्याच्या जागी नवा आला की जुन्याचं नाव खोडून नवं टाकू नका, तारीख घालून नवी नोंद करा, नाहीतर मार्चमध्ये दिलेले गुण जूनमध्ये आलेल्या माणसाच्या नावावर दिसतात. करारातली जागा, तास, तारखा बदलल्या तरी हेच, जुनं पुसायचं नाही. आणि नवीन कंपनी टाकायचा अधिकार मुलांना द्या पण ती थेट यादीत जाऊ देऊ नका, मध्ये एक माणूस बसवा, नाहीतर एकाच संस्थेची पाच स्पेलिंगं होतात आणि कुठे किती मुलं गेली हे कुणालाच सांगता येत नाही.

कंपनीवाले पोर्टल वापरतील कसे, तर वापरणार नाहीत. स्पष्टच सांगते. वर्षाला एक-दोन इंटर्न घेणारा माणूस तुमच्यासाठी पासवर्ड लक्षात ठेवणार नाही, त्याचं बरोबरच आहे. त्याला मेलमध्ये लिंक जावी, ती त्या एका कामापुरती असावी, ठराविक दिवसांनी मरावी, उघडल्यावर मोबाईलवर एका स्क्रीनमध्ये काम व्हावं. पण इथे एक खड्डा आहे ज्यात आम्ही पडलो. लिंकवर नुसतं क्लिक झालं की मान्यता, अशी सोय केली होती, सगळे खूश, आणि मग लक्षात आलं की एका मोठ्या संस्थेतून सगळ्या मान्यता मेल गेल्यावर काही सेकंदांतच येतायत. झालं असं होतं की मोठ्या ठिकाणी मेल सुरक्षा तपासणारं सॉफ्टवेअर येणाऱ्या मेलमधल्या लिंका स्वतःच उघडून बघतं, तर आमची मान्यता त्या सॉफ्टवेअरने देऊन टाकलेली, सुपरवायझरने मेल वाचलाही नव्हता. म्हणून लिंकने फक्त पान उघडायला हवं, मान्यता त्या पानावरच्या बटणानेच. व्हेंडरला हे आवर्जून विचारा, अजूनही बऱ्याच सिस्टिम अशाच आहेत.

दुसरं म्हणजे सुपरवायझरचा ईमेल मूल स्वतः भरतं, तेव्हा तो पत्ता खरंच सुपरवायझरचा आहे कशावरून? स्वतःचाच दुसरा मेल आयडी टाकून स्वतःचे तास स्वतः मंजूर करणारी मुलं मी बघितलीत, एक तर इतका प्रामाणिक होता की स्वतःला दहापैकी सातच गुण दिले होते. फुकटच्या मेल सेवेचा पत्ता सरसकट बाद करू नका, छोट्या धंद्यांकडे दुसरा नसतोच, पण तसा पत्ता आला की ऑफिसने संस्थेचा नंबर स्वतः शोधून, मुलाने दिलेला नाही, एक फोन करायचा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि केलेल्या फोनची नोंद रेकॉर्डवर.

जागा वाटपाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही पण तीन विभागांत एक नर्सिंग किंवा समाजकार्यासारखा असेल, जिथे जागा विद्यापीठ ठरवतं, तर तो येणारच. लोक काय करतात, रात्री बारा वाजता यादी खुली, जो पहिला त्याला जागा. ह्यात सर्व्हर बसतो आणि ज्याचं नेट बरं, ज्याला रात्री काम नाही, ज्याच्याकडे लहान मूल नाही त्याला चांगली जागा मिळते. दुसरी पद्धत म्हणजे पसंतीक्रम घ्या आणि ज्यांनी एखादी जागा पहिली टाकलीय त्यांना ती आधी द्या, ऐकायला न्याय्य वाटतं पण मुलं लगेच डाव खेळायला लागतात, खरी आवडती जागा पहिली टाकत नाहीत कारण तिथे गर्दी होईल, आणि जो भोळेपणाने खरं लिहितो तो मधल्या मध्ये सगळ्यालाच मुकतो.

ह्याचं उत्तर गणितात कधीच सापडलेलं आहे. डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली ह्यांनी १९६२ मध्ये ते मांडलं, आणि नंतर अॅल्विन रॉथ ह्यांनी दाखवून दिलं की अमेरिकेत नव्या डॉक्टरांना हॉस्पिटल मिळवून देणारी १९५० च्या दशकापासून चालत आलेली पद्धत मुळात तीच होती. रॉथ आणि शॅप्लीना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पद्धत अगदी साधी आहे, प्रत्येक मूल आपल्या पहिल्या पसंतीला अर्ज करतं, ती जागा स्वतःच्या क्रमाप्रमाणे क्षमतेइतकी मुलं तात्पुरती धरून ठेवते, बाकीच्यांना नाही म्हणते, नाकारलेली मुलं पुढच्या पसंतीला जातात, तिथे ते आधी धरलेल्यांपेक्षा वरचे ठरले तर आधीचा बाहेर पडून पुढे जातो, असं करत करत कुणीच फिरायचं उरलं नाही की मगच सगळं पक्कं. महत्त्वाचा शब्द ‘तात्पुरती’. मुलांच्या बाजूने अशी चालवली तर खोटा क्रम भरून कुठल्याच मुलाचा फायदा होत नाही, आणि हे तुम्ही मुलांना छातीठोकपणे सांगू शकता. तीनशे मुलांसाठी कॉम्प्युटरला एखादा क्षण लागतो. मात्र एक काळजी घ्या, पसंतीची यादी तीन-चार जागांपुरती बांधून ठेवू नका, यादी छोटी केली की परत डाव सुरू, कारण मग सुरक्षित जागा त्यात घालावीच लागते. आणि मैत्रिणीबरोबरच जायचंय, नवराबायकोला एकाच गावी हवंय अशा जोड्या मान्य केल्यात तर असं वाटप अस्तित्वातच नसण्याची शक्यता असते, म्हणून अशा दोन-चार केसेस हाताने आधी बसवून घ्या आणि बाकीचं मशीनवर सोडा. तुमच्या पोर्टलमध्ये हे नसेल तर पसंती पोर्टलवर घ्या, वाटप बाहेर करा, निकाल परत चढवा.

कागदपत्रांबद्दल. सगळ्या सिस्टिममध्ये ‘सुरू होण्याआधी ३० दिवस रिमाइंडर’ अशी सोय असते आणि लोक ती तशीच ठेवतात. आता हॉस्पिटलमध्ये जाणाऱ्या मुलाची हेपॅटायटिस बीची लस बघा. नेहमीचं वेळापत्रक तीन डोसचं, पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटीबॉडी १० mIU/mL किंवा वर आहे का बघायचं. म्हणजे सात-आठ महिने. ज्या मुलाला तीस दिवस आधी रिमाइंडर गेला त्याच्या दृष्टीने ते वरातीमागून घोडं, आणि मग ऑफिसमध्ये रडारड. प्रत्येक कागदाला स्वतःचा लागणारा वेळ टाका आणि रिमाइंडर तिथून उलटा मोजा. पोलीस पडताळणीचं तसंच.

आणि कागदाची मुदत संपण्याची तारीख तपासताना ती इंटर्नशिपच्या शेवटच्या तारखेशी तपासा. गंमत म्हणजे डीफॉल्टमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या मूळ सेटिंगमध्ये, ती सुरुवातीच्या तारखेशी तपासली जाते, म्हणजे दाखल होताना सगळं हिरवं आणि पाचव्या आठवड्यात विमा संपलेला, कुणाला पत्ता नाही.

दुसऱ्या देशातून शिकायला आलेली मुलं असतील तर तारखांना हात लावायचा अधिकार मुलालाही देऊ नका आणि कंपनीलाही. उदाहरण सांगते, अमेरिकेत एफ-१ ह्या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला सीपीटीसारखी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करायची) परवानगी मिळाल्याशिवाय इंटर्नशिपला एक दिवसही बसता येत नाही, आणि पूर्णवेळ सीपीटी १२ महिने भरली की त्या पातळीच्या पदवीनंतर मिळणारी ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात तात्पुरतं काम करायची परवानगी, हातची जाते. कंपनी खूश होऊन म्हणते अजून दोन महिने थांब, मूल आनंदाने पोर्टलवर शेवटची तारीख पुढे ढकलतं, आणि त्या एका क्लिकची किंमत त्याला वर्षभराने कळते. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, पण तारीख बदलली की व्हिसा बघणाऱ्या माणसाच्या यादीत ती गेलीच पाहिजे हे सगळीकडे.

लॉगबुक, म्हणजे मुलांनी लिहायची कामाची नोंद, आणि तास, इथे जरा थांबते कारण मुलांचा सगळ्यात जास्त राग इथेच असतो. रोजची नोंद मागू नका. कुणी करत नाही, शेवटच्या रात्री साठ दिवसांचं एकदम लिहितात आणि ते वाचवत नाही, ‘आज टीमसोबत काम केलं’ साठ वेळा. आठवड्याला एकदा, तीनच प्रश्न: काय केलं, काय अडलं, कुणी शिकवलं. आणि प्रत्येक नोंदीवर दोन तारखा दिसू द्या, कुठल्या आठवड्याची आणि प्रत्यक्षात लिहिली कधी. एवढं दिसतं म्हटल्यावर निम्मे तरी वेळेवर लिहितात, वेगळी शिक्षा लागत नाही. ‘काय अडलं’ ह्याचं उत्तर सलग दोन आठवडे रिकामं आलं की मी त्या मुलाला फोन करते, कारण नवीन ठिकाणी काहीच अडत नाही असं होत नाही, एक तर त्याला काम देत नाहीयेत किंवा तो सांगत नाहीये.

तासांचं गणित आधी कागदावर ठरवा. युरोपच्या ईसीटीएस ह्या क्रेडिट मोजायच्या पद्धतीत एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात, म्हणजे १२ क्रेडिटची इंटर्नशिप ३०० तासांची पण होते आणि ३६० ची पण, चाळीस तासांच्या आठवड्याने दीड आठवड्याचा फरक, आणि तुमच्या तीन विभागांनी वेगवेगळे आकडे धरलेले असतील तर मुलं ते पहिल्याच महिन्यात शोधून काढतात. जेवणाची सुट्टी धरायची का, प्रवास धरायचा का, आजारपण भरून काढायचं का, हे लिहून टाका. आणि रात्रपाळी टेस्ट करून बघा, रात्री दहा ते सकाळी सहा टाका, आमच्या पहिल्या सिस्टिमने त्याचे वजा सोळा तास केले होते आणि एका मुलीचे एकूण तास दर आठवड्याला कमी होत चाललेले, बिचारी तिसऱ्या आठवड्यात विचारायला आली की मी जेवढं काम करते तेवढं उरलेलं वाढतंय का म्हणून.

आता मुलं वापरत नाहीत ह्याबद्दल. माझं मत असं की मुलं आळशी नसतात, पोर्टल नुसतं मागतं आणि देत काही नाही. मागच्या मुलांचे अनुभव तिथे वाचायला मिळाले, त्या ठिकाणी खरंच काय काम देतात, सुपरवायझर भेटतो का, तर मुलं रोज येतात. मान्यतेचं पत्र फक्त तिथूनच डाऊनलोड होईल असं ठेवा, मेलने मागितलं तरी देऊ नका, पहिले दोन महिने शिव्या खाल, नंतर सवय होते. आणि फोनवरून सगळं करून बघा, तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून नाही. सही केलेल्या कागदाचा फोटो फोनवर काढला की चार-पाच एमबीचा होतो आणि पोर्टलची मर्यादा दोन, मूल तीनदा प्रयत्न करतं, एरर येतो, सोडून देतं, आणि आपण म्हणतो मुलांना सिरीयसनेस नाही. मेल पाठवणारा पत्ता ‘उत्तर देऊ नये’ वाला असेल तर आधी तो बदला, कारण लोक उत्तर देतातच, सुपरवायझरने ‘हा मुलगा आलाच नाही’ असं लिहिलेलं उत्तर त्या न वाचल्या जाणाऱ्या डब्यात दीड महिना पडून राहिलेलं मी पाहिलंय. रिमाइंडर कमी ठेवा. एका कामाला तीन, त्यानंतर माणसाचा फोन. दहावा मेल कुणीच वाचत नाही.

कोण काय बघू शकतं ह्याचा तक्ता करा आणि मग प्रत्येक भूमिकेने स्वतः लॉगिन करून डोळ्यांनी बघा, व्हेंडरच्या शब्दावर जाऊ नका. एका ठिकाणी, कुठे ते सांगत नाही, मुलांनी कंपनीबद्दल दिलेला अभिप्राय इंटर्नशिप चालू असतानाच सुपरवायझरला दिसत होता. एका मुलीने खरं लिहिलं होतं. पुढे काय झालं असेल ते लिहायला नको. मुलाचं मत कंपनीला दिसायचंच असेल तर गुण लागून गेल्यावर, आणि अनेकांचं मिळून. ‘मला इथे त्रास होतोय’ हा रस्ता वेगळा हवा, पहिल्याच पानावर, तो कंपनीला दिसता कामा नये, गाईडलाही आपोआप जाता कामा नये कारण कधी त्रास गाईडचाच असतो, ऑफिसातल्या एका नेमलेल्या माणसाकडे, आणि त्या माणसाचा पर्याय सुट्टीत कोण ते लिहिलेलं. तब्येतीची माहिती तर अजूनच जपून, कंपनीला आजाराचं नाव कळायची गरज नसते, ‘दर दोन तासांनी दहा मिनिटं बसायला हवं’ एवढं पुरतं. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर ह्या माहिती-संरक्षण कायद्यामध्ये आरोग्याची माहिती खास संरक्षणाच्या वर्गात येते, पण कायदा नसला तरी आपल्या मुलाचा रिपोर्ट अनोळखी ऑफिसात फिरावा असं कुणाला वाटेल?

आणि एक छोटी पण जीवघेणी गोष्ट, सत्र संपलं की विद्यापीठाची खाती आपोआप बंद होतात का ते आयटीवाल्यांना विचारा. आमच्याकडे झाली. इंटर्नशिप सुट्टीत चालू आणि लॉगिन बंद, साठेक मुलं एका सकाळी बाहेर, त्यात शेवटचा अहवाल त्याच आठवड्यात द्यायचा. इंटर्नशिप सत्राच्या चौकटीत बसत नाही, ती तिच्या स्वतःच्या तारखांनी चालते, तेव्हा खातं बंद करायची तारीख निकालानंतरची हवी.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर सांगते, हा त्रास पोर्टलमुळे आलेला नाहीये. शिक्षण आणि काम आलटून पालटून ही पद्धत हर्मन श्नायडर ह्यांनी सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांवर सुरू केली, आणि तेव्हाही कॉलेज, कारखाना आणि मूल ह्या तिघांच्या वेळा जुळवणं हेच मुख्य काम होतं. फक्त २७ जण डोक्यात मावतात, तीनशे मावत नाहीत.

सुरुवात एका विभागाने करा, तीसेक मुलं, आणि पूर्ण फेरी होऊ द्या, अर्ज ते गुण. अर्ध्यावर ‘छान चाललंय’ म्हणून बाकीचे दोन विभाग आणू नका कारण खरे घोळ मूल्यांकनाच्या वेळी निघतात, अर्ज सगळ्याच सिस्टिमना नीट घेता येतात. जो समन्वयक सगळ्यात जास्त कुरकुर करतो त्याचा विभाग घ्या, त्याला सगळ्या भेगा माहीत असतात. आणि जुनी पद्धत कधी बंद ती तारीख आधीच जाहीर करा, दोन्ही चालू ठेवल्यात तर लोक दोन्हीकडे अर्धं अर्धं भरतात.

जुना डेटा सगळा आणू नका. मुलांचे जुने रेकॉर्ड पीडीएफ करून ठेवा, नियमाप्रमाणे जितकी वर्षं ठेवायचेत तितकी, पण पोर्टलमध्ये फक्त कंपन्या आणि चालू मुलं आणा. कंपन्यासुद्धा गेल्या तीन वर्षांत ज्यांनी मूल घेतलंय त्याच, आणि प्रत्येकीला एक फोन करून माणूस अजून तोच आहे का विचारून. एक्सेलमधून चढवताना रोल नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात, आणि नंबर १५ अंकांपेक्षा मोठा असेल तर शेवटचे अंक शून्य होतात आणि ते परत मिळत नाहीत. मराठी नावं सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या फाईलीत) असतील तर ती यूटीएफ-८ ह्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत सेव्ह करा, आणि ती एक्सेलमध्ये नुसती डबल क्लिक करून उघडू नका, चौकोन आणि विचित्र चिन्हं दिसू शकतात, इम्पोर्ट करून उघडा. तारखा २०२५-०४-०३ अशा, वर्ष आधी. ०३/०४ असं लिहिलेलं कुणाला तीन एप्रिल वाटतं आणि कुणाला चार मार्च, आणि पोर्टलला काय वाटतं ते पोर्टललाच ठाऊक. आधी दहा ओळी चढवा, त्यात मुद्दाम एक आडनाव नसलेलं मूल, एक दोन ठिकाणी काम करणारं, एक मध्येच सोडून गेलेलं घाला, ते नीट बसले की बाकीचे.